वाचकांचे प्रश्न : टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेले वकील

गेल्या अंकात अमेरिकेतील कॅन्सस राज्याचे सिनेटर आणि दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिक बॉब डोल (१९२३–२०२१) यांच्याविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यात त्यांच्या राजकीय कारकिर्दीवर भर होता आणि व्यवसायाबद्दल ‘एका लहान गावचे वकील’ एवढाच उल्लेख होता. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांनी नेमक्या त्या उल्लेखावर बोट ठेवले आहे. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न : राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेल्या माणसाला ‘लहान गावचा वकील’ म्हणणे ही कौतुकापोटी केलेली अतिशयोक्ती नव्हे काय? — एक वकील वाचक, कराड

अतिशयोक्ती नाही. डोल यांचे रसेल हे गाव कॅन्ससच्या मध्य-पश्चिम भागात, गव्हाच्या पट्ट्यात आहे आणि त्याची वस्ती साडेचार हजारांच्या आसपास आहे. आपल्याकडे या आकाराच्या गावाला तालुक्याचे ठिकाण म्हणतानाही आपण जरा विचार करू. पण रसेल हे त्या नावाच्या काउंटीचे (आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाचे) मुख्य गाव असल्याने तेथे न्यायालय आहे आणि न्यायालय असल्याने वकीलही आहेत. डोल यांचे वडील प्रथम शेतकऱ्यांकडून साय आणि अंडी विकत घेण्याचे केंद्र चालवीत आणि पुढे धान्याच्या कोठारावर काम करीत. आई शिवणयंत्रे विकत असे. तिसाच्या दशकातील मंदीत आणि धुळीच्या वादळांत घर चालेना, तेव्हा सहा माणसांचे हे कुटुंब स्वतःच्याच घराच्या तळघरात राहायला गेले आणि वरचा मजला तेलविहिरींवर काम करणाऱ्यांना भाड्याने दिला गेला.

१९५२ साली कायद्याची पदवी मिळाल्यावर डोल गावी परतले आणि त्याच वर्षी काउंटी अ‍ॅटर्नी म्हणून निवडून आले. १९५३ ते १९६१ अशी आठ वर्षे ते या पदावर होते. आपल्याकडील सरकारी वकिलाची नेमणूक शासन करते; तेथे मात्र हे पद दर दोन वर्षांनी होणाऱ्या निवडणुकीतून आणि पक्षाच्या तिकिटावर मिळत असे. त्यामुळे काउंटी अ‍ॅटर्नीला दिवसा न्यायालयात ज्याच्यावर खटला चालवायचा, त्याच्याच नातलगांकडे संध्याकाळी मत मागायला जावे लागे. फौजदारी खटले चालवणे, काउंटीच्या मंडळाला कायदेशीर सल्ला देणे आणि उरलेल्या वेळात मृत्युपत्रे, जमिनीचे व्यवहार, तेलाचे भाडेपट्टे अशी खासगी वकिली करणे, असा या पदाचा रिवाज होता. तालुका न्यायालयात वकिली केलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल.

या पदाचे आणखी एक काम होते आणि डोल यांना समजून घ्यायचे असेल तर माझ्या मते ते सर्वांत महत्त्वाचे आहे. काउंटीतर्फे गरिबांना जी मासिक मदत दिली जाई, तिच्या मंजुरीवर काउंटी अ‍ॅटर्नीची सही लागे. ही यादी सहीसाठी पुढे येई तेव्हा तीत त्यांच्या आजी-आजोबांची नावे असत. ते दोघे कुळाने शेती करणारे होते आणि मंदीत त्यांचे सर्व काही गेले होते. नातू सरकारी खुर्चीत आणि आजोबा लाभार्थींच्या यादीत, अशी ती स्थिती होती. डोल यांनी ही गोष्ट पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितली. त्यांनी सिनेटमध्ये जे कायदे पुढे नेले, त्यांपैकी निदान दोन कायद्यांचा उगम मला तरी त्या सहीच्या कागदात दिसतो. त्याबद्दल पुढे एका उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : त्यांची जखम नेमकी कशी होती? उजवा हात निकामी असताना त्यांनी लेखणीवर चालणारा व्यवसाय का निवडला? — एक वाचक, नाशिक

त्यांना डॉक्टर व्हायचे होते. शाळेत असताना ते गावातील डॉसन यांच्या औषधांच्या दुकानात सोडा-फाउंटनवर काम करीत आणि तेथे येणाऱ्या डॉक्टरांना पाहून ती इच्छा त्यांच्या मनात रुजली. १९४१ साली त्यांनी कॅन्सस विद्यापीठात त्याच हेतूने प्रवेश घेतला. १९४२ च्या डिसेंबरात सैन्याच्या राखीव दलात नाव नोंदवले आणि पुढच्या वर्षी बोलावणे आले. सेकंड लेफ्टनंट होऊन १९४५ च्या आरंभी ते इटलीत दहाव्या माउंटन डिव्हिजनमध्ये दाखल झाले. बर्फावर आणि कड्यांवर लढण्यासाठी उभारलेल्या या डिव्हिजनमध्ये सपाट गव्हाच्या प्रदेशातला हा मुलगा बदली अधिकारी म्हणून गेला होता.

१४ एप्रिल १९४५ रोजी बोलोन्याच्या नैर्ऋत्येस कास्तेल द’आयानो या गावाजवळील ९१३ क्रमांकाच्या टेकडीवर त्यांच्या तुकडीने चढाई केली. त्यांचा वायरलेसवाला शिपाई गोळीबारात कोसळला. त्याला खड्ड्यात ओढून घेण्यासाठी डोल सरपटत पुढे गेले आणि तेवढ्यात त्यांच्या उजव्या खांद्यावर आणि पाठीवर मारा बसला. खांद्याच्या हाडांचा चुरा झाला आणि मणक्याला इजा झाली. ते पालथे पडले होते. हात दिसत नव्हते आणि जाणवतही नव्हते, त्यामुळे ते तुटून गेले असावेत असेच त्यांना वाटले. एका सहकाऱ्याने त्यांना मॉर्फिनचे इंजेक्शन दिले आणि दुसऱ्या कोणी पुन्हा देऊ नये म्हणून त्यांच्याच रक्ताने त्यांच्या कपाळावर इंग्रजी ‘एम’ हे अक्षर काढले, कारण दुसरी मात्रा जीवघेणी ठरली असती. मागच्या रुग्णालयापर्यंत पोहोचायला सुमारे नऊ तास गेले. इटलीतील जर्मन सैन्याची शरणागती २ मे रोजी अमलात आली, म्हणजे युद्धाचे तेथे अडीच-तीन आठवडेच उरले होते.

पुढचा काळ सलग रुग्णालयांचा आहे. तो एकूण सुमारे एकोणचाळीस महिन्यांचा भरतो. ते सर्वांगाला प्लॅस्टर घालून अमेरिकेत परतले. संसर्ग झाल्याने एक मूत्रपिंड काढावे लागले आणि फुप्फुसात रक्ताच्या गाठी झाल्या. ताप उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी त्या वेळी प्रायोगिक अवस्थेत असलेले स्ट्रेप्टोमायसिन त्यांच्यावर वापरून पाहिले आणि ते लागू पडले. धडधाकट खेळाडूचे १९४ पौंडांचे वजन १२२ पौंडांवर आले होते.

हात मात्र सुधारला नव्हता. शिकागोतील डॉ. हॅम्पर केलिकियन या आर्मेनियन वंशाच्या अस्थिशल्यविशारदांनी १९४७ पासून त्यांच्यावर सात शस्त्रक्रिया केल्या आणि स्वतःची फी घेतली नाही. केलिकियन निर्वासित म्हणून अमेरिकेत आले होते आणि त्यांचा एक भाऊ अमेरिकन सैन्यातून लढताना इटलीतच मारला गेला होता. रुग्णालयाचा खर्च तरीही होताच. तो भागवण्यासाठी रसेलमध्ये डॉसन यांच्या त्याच दुकानात सिगारचा एक रिकामा डबा ठेवण्यात आला आणि गावकऱ्यांनी त्यात नाणी-नोटा टाकून सुमारे १,८०० डॉलर उभे केले. तो डबा डोल यांनी आयुष्यभर जपला. केलिकियन यांनी त्यांना निक्षून सांगितले की हात पूर्वीसारखा होणार नाही आणि जे शिल्लक आहे त्यातून काय करता येईल ते पाहावे. वैद्यकीचा विचार सोडून कायद्याकडे वळण्यामागे हा सल्ला होता. शल्यविशारदाला दोन हात लागतात. वकिलाला स्मरणशक्ती आणि वाणी असली की पुष्कळ काम भागते.

लेखणीचा प्रश्न त्यांनी दोन-तीन मार्गांनी सोडवला. डाव्या हाताने लिहायला ते नव्याने शिकले, जरी त्या हाताच्या बोटांतही पूर्ण संवेदना नव्हती. वर्गातील व्याख्याने रेकॉर्डिंगच्या यंत्रावर घेऊन रात्री ती पुनःपुन्हा ऐकण्याची सवय त्यांनी लावून घेतली. परीक्षेत ते उत्तरे तोंडी सांगत आणि त्यांच्या पहिल्या पत्नी फिलिस ती उतरवून घेत. फिलिस या रुग्णालयात हातांच्या हालचाली शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या आणि १९४८ मध्ये त्यांचा विवाह झाला. डोल यांच्या यशाच्या कथा सांगताना या गृहिणीचे श्रम चार शब्दांत गुंडाळले जातात, ही गोष्ट मला खटकते. सदऱ्याची बटणे लावायला त्यांना शेवटपर्यंत हूकचे साधन लागे. उजव्या मुठीत ते नेहमी एक पेन धरून ठेवीत, म्हणजे समोरचा माणूस तो हात हातात घ्यायला जात नसे.

प्रश्न : या शिक्षणाचा खर्च कोणी केला? — एक विद्यार्थिनी, अमरावती

मुख्यतः सरकारने. २२ जून १९४४ रोजी मंजूर झालेल्या आणि ‘जी.आय. बिल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या कायद्यानुसार परतलेल्या सैनिकाला महाविद्यालयीन शुल्कापोटी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत रक्कम आणि दरमहा निर्वाहभत्ता मिळत असे. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण किंवा प्रशिक्षणासाठी या कायद्याचा उपयोग केला. डोल प्रथम अ‍ॅरिझोना विद्यापीठात गेले आणि तेथून कॅन्ससची राजधानी टोपेका येथील वॉशबर्न विद्यापीठात आले. विशेष म्हणजे कायद्याचे विद्यार्थी असतानाच, १९५० साली, ते राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले आणि सभागृह व वर्ग टोपेकातच असल्याने दोन्ही त्यांना सांभाळता आले.

या कायद्याचा मूळ मसुदाही एका माजी सैनिक वकिलाने लिहिला होता आणि तोही टोपेकाचाच होता. हॅरी कोल्मेरी हे पहिल्या महायुद्धात सैन्यात होते, नंतर टोपेकात वकिली करीत आणि ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे राष्ट्रीय प्रमुखही झाले होते. त्यांनी वॉशिंग्टनमधील मेफ्लॉवर हॉटेलच्या खोलीत बसून, हॉटेलच्याच कागदांवर हाताने तो मसुदा लिहिला. पहिल्या युद्धानंतर सैनिकांची झालेली परवड त्यांनी पाहिली होती आणि तिची पुनरावृत्ती होऊ नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. एका पिढीतील वकील-सैनिकाने लिहिलेल्या कलमांवर पुढच्या पिढीतील वकील-सैनिक शिकला, असा हा सरळ वारसा आहे. त्याच कायद्याचे लाभ दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीय सैनिकांपर्यंत पोहोचू दिले गेले नाहीत, हेही येथे नोंदवले पाहिजे. कागदावर कायदा सर्वांसाठी होता, पण अंमलबजावणी स्थानिक अधिकाऱ्यांच्या हाती होती.

प्रश्न : माझे आजोबा ‘इटलीच्या लढाईत’ होते, एवढेच घरात सांगितले जाते. डोल यांच्या आणि आपल्या मराठा पलटणींच्या लढाईचा काही संबंध होता काय? — एक वाचक, माणगाव, जि. रायगड

संबंध होता. मित्रसैन्यांची ती एकच मोहीम होती; पूर्वेकडे ब्रिटिशांची आठवी सेना आणि पश्चिमेकडे अमेरिकनांची पाचवी सेना, अशा दोन आघाड्या होत्या. आपल्या पलटणी आठव्या सेनेत होत्या. १९४५ च्या वसंतातील अखेरचा हल्ला आठव्या सेनेने ९ एप्रिलला सुरू केला आणि पाचव्या सेनेने १४ एप्रिलला, म्हणजे डोल जखमी झाले त्या दिवशी.

९ एप्रिलला सेनिओ नदी ओलांडताना पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधील शिपाई नामदेव जाधव यांनी जे केले, त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते अहमदनगर जिल्ह्यातील होते. नदी ओलांडणाऱ्या त्यांच्या गटातील जवळजवळ सर्वजण पडले, तेव्हा त्यांनी दोन जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून, उंच काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे नेले. मग एकट्याने मशीनगनच्या ठाण्यांवर चाल केली. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती टाकून त्यांनी हातबॉम्ब वापरले. ते संपल्यावर सरपटत मागे जाऊन आणखी आणले. शेवटी काठावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना पुढे येण्याची खूण केली. त्यापूर्वी, १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांनी प्राण देऊन हाच सन्मान मिळवला होता. ते आपल्याच तालुक्याचे. त्यांचा पुतळा आपण माणगावात पाहिला असेलच.

आजोबांची पलटण कोणती होती हे कळले, तर ते कोणत्या नदीवर होते हे शोधणे फारसे अवघड नाही. घरात पदके असतील, तर त्यांच्या कडेवर कोरलेले क्रमांक आणि नाव आधी पाहावे.

प्रश्न : टिपणात एका जपानी वंशाच्या सिनेटरशी त्यांच्या मैत्रीचा ओझरता उल्लेख आहे. ते कोण? — एक वाचक, ठाणे

डॅनियल इनोये. ते हवाईचे होते. डोल यांच्यानंतर बरोबर आठवड्याने, २१ एप्रिल १९४५ रोजी, इटलीतच त्यांचा उजवा हात गेला आणि त्यांचेही शल्यविशारद होण्याचे स्वप्न संपले. दोघांची गाठ मिशिगनमधील बॅटल क्रीक येथील सैनिकी रुग्णालयात पडली. (ही इमारत आधी डॉ. केलॉग यांचे आरोग्यधाम होती. कॉर्नफ्लेक्सचे नाव ज्यांच्यामुळे घरोघर पोहोचले त्यांच्यापैकी हे एक बंधू.) त्याच रुग्णालयात फिलिप हार्ट हेही होते. ते मिशिगनचे वकील आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जखमी झालेले अधिकारी. पुढे तिघेही सिनेटर झाले आणि २००३ साली त्या इमारतीला तिघांची नावे देण्यात आली.

पुढे काय करणार, असे इनोये यांनी विचारले तेव्हा डोल यांनी आपला क्रम सांगितला होता : काउंटी अ‍ॅटर्नी, मग विधिमंडळ, मग काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद). इनोये यांना ती कल्पना पटली. तेही वकील झाले, होनोलुलूत त्यांनी सरकारी वकिलाचे काम केले आणि १९५९ साली, डोल यांच्या दोन वर्षे आधीच, ते काँग्रेसमध्ये पोहोचले. ‘मी इथे आलो, तू कुठे आहेस?’ अशा अर्थाची थट्टा ते पुढे करीत. ते डेमोक्रॅट होते आणि डोल रिपब्लिकन. डिसेंबर २०१२ मध्ये इनोये यांचे निधन झाले, तेव्हा एकोणनव्वद वर्षांचे डोल चाकांच्या खुर्चीतून आले, पण शवपेटीजवळ त्यांनी आधार घेऊन उभे राहणेच पसंत केले. डॅनीने आपल्याला चाकाच्या खुर्चीत पाहू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

प्रश्न : डोल हे कडवट जिभेचे होते असे मी वाचले आहे. आपण केवळ चांगलेच लिहीत आहात. — एक वाचक, पुणे

आपले वाचन बरोबर आहे. १९७६ साली ते उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि वॉल्टर मॉन्डेल यांच्याशी झालेल्या वादविवादात त्यांनी विसाव्या शतकातील युद्धे ही ‘डेमोक्रॅट युद्धे’ असल्याचे म्हटले आणि त्यांत मेलेल्या-जखमी झालेल्या अमेरिकनांनी डेट्रॉइट शहर भरून जाईल, असा हिशेब मांडला. हिटलरविरुद्धच्या ज्या लढाईत त्यांचा स्वतःचा खांदा गेला, तीही या हिशेबात आपोआप धरली गेली. माझ्या मते ते त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातील सर्वांत वाईट वाक्य होते, कारण त्यात सैनिकांच्या जखमा पक्षाच्या वादात शस्त्र म्हणून वापरल्या गेल्या. खटल्यात उलटतपासणी घेताना जी धार उपयोगी पडते, ती व्यासपीठावर उपयोगी पडतेच असे नाही. वकिलीतून राजकारणात गेलेल्या पुष्कळांची येथे फसगत होते.

प्रश्न : त्यांनी केलेले कायदे कोणते? — एक शिक्षक, परभणी

यादी मोठी आहे आणि तीतील बरेचसे करांविषयी आहे. ते येथे सोडून देतो. दोन कायद्यांबद्दल लिहिण्यासारखे आहे.

पहिला अन्नमदतीचा. गरीब कुटुंबांना धान्य खरेदीसाठी मिळणाऱ्या ‘फूड स्टॅम्प’साठी पूर्वी आधी स्वतःचे काही पैसे भरावे लागत, त्यामुळे ज्यांच्या हाती काहीच नाही ते बाहेर राहत. १९७७ च्या कायद्याने ही अट गेली आणि त्यामागे डोल व जॉर्ज मॅकगव्हर्न यांची जोडी होती. मॅकगव्हर्न हे उदारमतवादी डेमोक्रॅट. पण तेही इटलीतील तळावरून बॉम्बफेकी विमाने चालवलेले सैनिक होते. यात डोल यांचा स्वार्थ नव्हता असे नाही, कारण कॅन्ससच्या गव्हाला गिऱ्हाईक हवेच होते. पण मदतीच्या यादीत आजोबांचे नाव वाचलेला माणूस पैसे भरण्याची अट कशी पाहील, हे समजायला फार कल्पना लढवावी लागत नाही. गरीब देशांतील मुलांच्या शालेय आहारासाठी अमेरिकेची जी योजना आहे, तिला या दोघांचे नाव आहे आणि २००८ चा जागतिक अन्न पुरस्कारही दोघांना मिळून देण्यात आला.

दुसरा अपंगांच्या हक्कांचा. सिनेटमधील आपले पहिले भाषण डोल यांनी १४ एप्रिल १९६९ रोजी, जखमी झाल्याच्या दिनांकावर, अपंग नागरिकांच्या प्रश्नांवर केले. त्या वेळी या विषयाला राजकीय किंमत शून्य होती. पुढे २६ जुलै १९९० रोजी ‘अमेरिकन्स विथ डिसेबिलिटीज अ‍ॅक्ट’वर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. नोकरीत भेदभाव नको, बसमध्ये आणि दुकानात चढउताराची सोय हवी, अशा तरतुदी त्यात आहेत. व्यापारी संघटनांचा त्याला विरोध होता आणि आपल्या पक्षातील सदस्यांना राजी करण्याचे कंटाळवाणे काम डोल यांच्याकडे आले. सिनेटमध्ये पहिल्या फेरीत तो ७६ विरुद्ध ८ मतांनी संमत झाला होता. तडजोडीची भाषा शोधून कलम दोन्ही पक्षांना चालेल असे बसवणे, हे काम रसेलच्या न्यायालयात समेटाचे कागद करण्यापेक्षा फारसे वेगळे नव्हते.

प्रश्न : अठ्ठ्याण्णव वर्षांच्या दीर्घायुष्याचे रहस्य काय? — एक ज्येष्ठ वाचक, कोल्हापूर

मला रहस्य दिसत नाही. एक मूत्रपिंड, निकामी हात, १९९१ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, २००१ मध्ये पोटातील महाधमनीच्या फुगवट्यावर शस्त्रक्रिया, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत फुप्फुसाच्या चौथ्या टप्प्यातील कर्करोगाचे निदान. ५ डिसेंबर २०२१ रोजी ते गेले. उत्तम वैद्यकीय सेवा त्यांना आयुष्यभर मिळाली, एवढे म्हणता येईल.

प्रश्न : त्यांचा हुद्दा कुठे कॅप्टन तर कुठे कर्नल असा दिसतो. खरे काय? — एक माजी सुभेदार, सांगली

दोन्ही खरे, साहेब. ते कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. २०१९ साली काँग्रेसने विशेष कायदा करून त्यांना मानद कर्नल केले. त्याचा निवृत्तिवेतनावर परिणाम होत नाही. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना काँग्रेसचे सुवर्णपदकही मिळाले होते.

प्रश्न : १९९६ ची निवडणूक हरल्यावर पंचवीस वर्षे त्यांनी काय केले? पुन्हा गावी वकिली केली काय? — एक वकील वाचक, चिपळूण

गावी परतले नाहीत. बिल क्लिंटन यांच्याकडून पराभव झाल्यावर ते वॉशिंग्टनमधील बड्या वकिली संस्थांत गेले आणि तेथील त्यांचे काम बव्हंशी सरकारदरबारी अशिलांचे म्हणणे पोहोचवण्याचे होते. अशिलांत तैवानचे सरकारही होते. निवडून आलेले डॉनल्ड ट्रम्प आणि तैवानच्या अध्यक्षा यांच्यात डिसेंबर २०१६ मध्ये जे दूरध्वनी संभाषण होऊन चीन संतापला, त्यामागे डोल यांच्या संस्थेची खटपट होती. हे सर्व कायद्यात बसणारे होते, परंतु आठ वर्षे गावच्या खटल्यांत राबलेल्या वकिलाची ही अखेरची वकिली मला तितकीशी शोभादायक वाटत नाही, आणि हे लिहिणे आवश्यक आहे.

दुसरीकडे, वॉशिंग्टनमधील दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकासाठी देणग्या गोळा करण्याच्या मोहिमेचे ते अध्यक्ष होते. स्मारकाचे लोकार्पण २९ मे २००४ रोजी झाले. तेथील भिंतीवर ४,०४८ सोनेरी तारे आहेत आणि प्रत्येक तारा सुमारे शंभर मृत अमेरिकन सैनिकांचा आहे. नंतरच्या वर्षांत देशभरातून म्हातारे सैनिक विमानाने हे स्मारक पाहायला आणले जात, आणि शनिवारी डोल तेथे खुर्ची टाकून बसलेले असत. ते प्रत्येकाला गाव विचारीत आणि डावा हात पुढे करीत. त्यांच्या आयुष्याचा हा भाग काउंटी अ‍ॅटर्नीला अधिक जवळचा वाटतो.

प्रश्न : भारतातील दिव्यांग हक्कांच्या चळवळीत काम करते. त्यांच्या कायद्याचा आपल्या कायद्याशी संबंध आहे काय? — एक कार्यकर्ती, मुंबई

थेट नाही, परंतु संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या मार्गाने आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा हा करार २००६ साली स्वीकारला गेला आणि त्यातील अनेक कल्पना अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याशी मिळत्याजुळत्या आहेत. भारताने त्याला १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली आणि २०१६ चा आपला दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा त्या बांधिलकीतून आला.

अमेरिकेत तोच करार ४ डिसेंबर २०१२ रोजी सिनेटपुढे आला. डोल रुग्णालयातून नुकतेच बाहेर पडले होते; तरी खुर्चीतून ते सभागृहात आले आणि मतदानाला जाणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांना भेटले. कराराच्या बाजूने ६१ आणि विरोधात ३८ मते पडली. मान्यतेसाठी दोन-तृतीयांश मते लागतात. पाच कमी पडली. विरोधातील सर्व मते डोल यांच्याच पक्षाची होती आणि त्यांत कॅन्ससचे दोन्ही सिनेटर होते. अमेरिकेने त्या करारावर सही केलेली आहे, मान्यता मात्र दिलेली नाही.